‘डिटेक्टर घ्या, कार्यशाळा घ्या, असाइनमेंट बंद करा’: या सल्ल्यात काय चुकतंय

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला फिरत असतो. तो थोडक्यात असा: ‘विद्यार्थी सगळं चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. महाविद्यालयाने एआय डिटेक्टर (मजकूर एआयने लिहिला आहे का ते सांगणारं सॉफ्टवेअर) विकत घ्यावा, प्राध्यापकांना दोन दिवसांची कार्यशाळा द्यावी आणि घरून लिहून आणायच्या असाइनमेंट बंद करून अंतर्गत गुण वर्गातल्या चाचणीवरच द्यावेत. तरुण प्राध्यापक आपोआप शिकतील, ज्येष्ठांकडून अपेक्षा नको.’ या सल्ल्यामागची काळजी खरी आहे. पण यातला कुठलाच उपाय प्राध्यापक आपल्या विषयात नेमकं काय विचारतो तिथपर्यंत पोचत नाही. पहिल्या उपायाने तर निरपराध मुलं भरडली जातात.

‘डिटेक्टर घ्या’

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आलं. ते बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये स्वतःचा डिटेक्टरही आणला. कंपनीच्याच चाचणीत त्याला एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के त्याने एआयच्या नावावर टाकला. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये तो बंद झाला.

बरेच डिटेक्टर मुख्यतः एक गोष्ट मोजतात: वाक्यातला पुढचा शब्द किती अपेक्षित होता. साधे, नेहमीचे शब्द एकामागून एक आले की संशय वाढतो. म्हणजे मराठी माध्यमातून आलेली, माहीत असलेल्या मोजक्या इंग्रजी शब्दांत जपून लिहिणारी मुलगी आधी सापडते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले. सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त निबंध एआयचे ठरले, आणि ते सगळे माणसांनी लिहिलेले होते.

‘आमच्या डिटेक्टरची चूक एक टक्क्याहून कमी’ असं विक्रेता सांगेल. तो दावा खरा धरला तरी हिशेब करून बघा. दोन हजार विद्यार्थी, प्रत्येकाच्या सत्रात चार असाइनमेंट, म्हणजे आठ हजार. सगळ्या मुलांनी स्वतः लिहिलेल्या असल्या तर त्याच्या एक टक्का म्हणजे ८०. ऐंशी वेळांपर्यंत, न केलेल्या गोष्टीचा जाब. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने असाच हिशेब मांडून ऑगस्ट २०२३मध्ये टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधला एआय डिटेक्टर बंद केला.

इथे आणखी एक गल्लत होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतले १०, ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे साम्याचे, म्हणजे आधीच्या लेखनाशी किती मजकूर जुळतो त्याचे आहेत. साम्याच्या अहवालात मूळ स्रोत दिसतो, तो उघडून ताडता येतो. एआयच्या टक्क्यामागे ताडून बघण्यासारखं काहीच नसतं. त्या आकड्यावर कुणालाही शिक्षा करू नये.

संशय आलाच तर विद्यार्थ्याला पाच मिनिटं समोर बसवा. कच्चं लेखन मागा, गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर आवृत्त्यांचा इतिहास बघा आणि त्याच्याच लेखातला एक परिच्छेद त्याच्या शब्दांत समजावून सांगायला सांगा, हवं तर मराठीत.

‘घरच्या असाइनमेंट बंद करा’

वर्गातल्या चाचणीत पाठांतर आणि वेग तपासला जातो. माहिती गोळा करणं, ती पडताळणं, खोडून पुन्हा लिहिणं ही कौशल्यं तीस मिनिटांत बसत नाहीत. असाइनमेंट बंद केली की ती शिकवणंच बंद होतं. बदलायला हवा तो प्रश्न.

आधी आपला प्रश्न चॅटबॉटला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारा आणि उत्तरं आपल्याच गुणदान निकषांनी तपासा. दहापैकी सात गुण सहज मिळत असतील तर तो प्रश्न घरी देण्याजोगा राहिलेला नाही.

अर्थशास्त्राचं उदाहरण घेऊ. ‘महागाईची कारणे सांगा’ हा प्रश्न या कसोटीवर लगेच पडतो. त्याऐवजी चार जणांचा गट करून घरात लागणाऱ्या दहा वस्तू प्रमाणासकट ठरवून द्यायला सांगा: तूरडाळ २ किलो, गोडेतेल ३ लिटर, याप्रमाणे. एकाच दुकानातले भाव सहा आठवडे दर शनिवारी टिपायचे. पहिल्या आठवड्याचा खर्च १०० धरून, प्रमाण तेच ठेवून दर आठवड्याचा निर्देशांक काढायचा. मग सरकारी ग्राहक किंमत निर्देशांकातल्या भारांशी, म्हणजे एकूण खर्चात प्रत्येक गटाचा वाटा किती धरला आहे त्याच्याशी, तुलना. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत अन्न व पेये गटाचा भार ४५.८६ टक्के होता. आपल्या घरी तो किती, आणि का वेगळा? वीस गुण असतील तर नोंदवहीला ६, आकडेमोडीला ४, लेखाला ५, तोंडीला ५.

यातही पळवाटा आहेत. भाव घरबसल्या रचता येतात, चॅटबॉट तर सहा आठवड्यांचा तक्ता क्षणात देतो. म्हणून दर आठवड्याला कुठल्याही तीन गटांच्या वह्या आयत्या वेळी बघून सही करा आणि किमान दोन आठवड्यांच्या पावत्या किंवा भावफलकाचा फोटो मागा. तोंडीत वेळेचा प्रश्न येतो. १२० जणांची तुकडी प्रत्येकी तीन मिनिटांनी सहा तास खाते. तीस गट आठ मिनिटांनी घेतले तर चार तासांत होतं. उत्तर कोण देणार ते चिठ्ठी टाकून ठरवा. पहिल्या गटाचे प्रश्न बाहेर फुटतातच, त्यामुळे प्रश्न त्या-त्या गटाच्या वहीतूनच काढा: ‘चौथ्या आठवड्यात तुमचा निर्देशांक का घसरला?’ लेख सुधारायला एआय वापरायला हरकत नाही, पण कुठे वापरलं ते दोन ओळींत लिहायला सांगा.

‘दोन दिवसांची कार्यशाळा पुरे’

दोन दिवसांत साधनांची ओळख होते, प्रमाणपत्र मिळतं, आणि आयक्यूएसीच्या (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) अहवालात एक ओळ वाढते. सोमवारी प्राध्यापक वर्गात जातो तेव्हा त्याच्या हातात जुनीच असाइनमेंट असते. शिकवण्याची पद्धत सवयीची असते. स्वतःच्या विषयात करून बघितल्याशिवाय आणि कुणी पाहून सांगितल्याशिवाय ती बदलत नाही.

याला पर्याय खर्चिक नाही. वेगवेगळ्या विषयांच्या तिघांचा गट करा, सत्रात ४५ मिनिटांच्या सहा बैठका ठेवा. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपली एक असाइनमेंट आणून वरची चॅटबॉटची कसोटी लावायची. दुसऱ्या बैठकीत ती बदलायची. विषयाबाहेरचा सहकारी इथे फार उपयोगी पडतो, कारण सूचना कुठे कळत नाही ते त्यालाच आधी दिसतं. तिसरीच्या आधी एकमेकांच्या तासाला वीस मिनिटं बसायचं, पण फक्त तास घेणाऱ्याने दिलेला एकच प्रश्न घेऊन: ‘मागच्या बाकांवरून किती जण बोलले?’ एवढा साधा चालेल. या निरीक्षणाची नोंद प्राचार्यांकडे किंवा मूल्यांकनात गेली, तर दुसऱ्याच आठवड्यापासून सगळे सजवलेले तास दाखवतील. चौथ्या आणि पाचव्या बैठकीत विद्यार्थ्यांचे पाच-पाच लेख एकत्र वाचायचे. सहावीत पुढच्या सत्रासाठी काय ठेवायचं, काय काढायचं ते लिहून काढायचं.

विद्यार्थ्यांची नावं, हजेरी क्रमांक, गुण चॅटबॉटमध्ये टाकू नयेत, हेही पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावं. प्रथम वर्षाची कितीतरी मुलं अठराच्या आतली असतात.

‘तरुण आपोआप शिकतील’

साधन चालवता येणं वेगळं आणि उत्तरातली चूक पकडणं वेगळं. गुळगुळीत मराठीत दिलेला चुकीचा संदर्भ वीस वर्षं तो विषय शिकवणाऱ्यालाच चटकन खटकतो. त्या तिघांच्या गटात एक ज्येष्ठ हवाच.

राहिला वेळ. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. वेळापत्रकात तिघांचा एक तास समान मोकळा ठेवला नाही, तर बैठका तिसऱ्या आठवड्यात थांबतात. आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना मानधन फक्त घेतलेल्या तासाचं मिळतं. अनेक महाविद्यालयांत बरंच अध्यापन त्यांच्याच खांद्यावर आहे. सहा बैठका म्हणजे साडेचार तास. त्याचं मानधन संस्थेने सत्र सुरू होण्याआधीच मंजूर करून ठेवावं.