वाळूचं घड्याळ अजून का लागतं

नमस्कार. बेसबॉलच्या रेडिओ समालोचनावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की जुने समालोचक रेड बार्बर यांचं वाळूचं घड्याळ आता इतिहासजमा झालं, स्कोअर मोबाइलवर दिसतो, बेसबॉलच्या रेडिओ समालोचकाचा आवाज खणखणीत असला की काम भागतं.

क्रिकेटमध्ये धावफलक सारखा हलतो, त्यामुळे स्कोअर आपसूक तोंडात येतो. बेसबॉलमध्ये तासभरही 0-0 चालतं. समालोचकाच्या डोळ्यांसमोर आकडा असतोच, म्हणून तो सांगायचाच राहतो. बार्बर त्यासाठी अंडी उकडायचं तीन मिनिटांचं घड्याळ ठेवत. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. श्रोता गाडी चालवत असतो, भांडी घासत असतो. त्याने मोबाइल काढायचा कधी?

आता आवाज. चेंडू हवेत उंच उडाला की नवखा समालोचक चेंडूकडे बघून ओरडतो. वरच्या समालोचन कक्षातून चेंडू किती दूर जाईल याचा अंदाज येत नाही, साधा झेलही होमरन (कुंपणापार गेलेला फटका) वाटतो आणि मग आवाज गिळावा लागतो. नजर हवी आउटफिल्डरवर, म्हणजे कुंपणाजवळच्या क्षेत्ररक्षकावर. तो कुंपणाकडे पळत सुटला तर फटका मोठा. जागीच उभा राहून ग्लव्ह वर केला तर झेल. 8 एप्रिल 1974 ला अटलांटात फलंदाज हँक एरनचा 715 वा होमरन सांगताना समालोचक विन स्कलींनी चेंडूची दिशा सांगितली, आउटफिल्डर बकनर कुंपणाकडे जातोय हे सांगितलं, आणि चेंडू गेल्यावर ते गप्प बसले. पुढचं काम गर्दीच्या आवाजाने केलं. कुठल्या बेसवर (धाव घेतानाच्या टप्प्यावर) कोण आहे हे मात्र पिच, म्हणजे पिचरने फेकलेला चेंडू, पडण्याआधीच सांगून ठेवावं, फटक्यानंतर सवड मिळत नाही.

मायनर लीगमध्ये (खालच्या स्तराच्या व्यावसायिक स्पर्धांत) नोकरी शोधणाऱ्यांनी आपल्या समालोचनाचा नमुना म्हणून नुसते होमरन जोडून पाठवू नयेत. एखादी रटाळ इनिंग (सामन्याच्या नऊ डावांपैकी एक) अख्खी पाठवा. तीन साधे ग्राउंडआउट (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर बाद) कसे सांगितलेत त्यावरच पारख होते. तिथे समालोचकाकडे बहुधा पत्रकारांसाठीच्या टिपणांचं कामही असतं, तेव्हा लिहिता यायला हवं.

एक चूक मात्र माझी. ‘दोन पिचच्या मध्ये किस्सा सांगा’ हा लेखातला सल्ला 2023 मध्ये पिच क्लॉक (पिच टाकायला किती वेळ ते मोजणारं घड्याळ) आल्यापासून जुना झाला. बेस रिकामे असले तर पिचरला 15 सेकंदच मिळतात. किस्सा आता एकेका वाक्याने, पिच सांगत सांगत पुढे न्यायचा. आणि दोन आउट झाल्यावर तर सुरूच करायचा नाही, कारण पुढच्याच पिचला इनिंग संपू शकते आणि जाहिरातीनंतर त्याचं शेपूट कुणाला नको असतं.