युरेनियम गेलं, गाळ राहिला

निखिलने किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर कट्ट्यावर ठेवला आणि त्याचं तोंड खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या डोंगराकडे केलं. वाशीच्या सागर विहारवर रविवारी संध्याकाळी गर्दी असते, त्यामुळे भेळवाल्यासकट चार-पाच डोकी लगेच वाकली. आकडा ताशी 0.08 ते 0.12 मायक्रोसिव्हर्टच्या मध्ये नाचत होता.

"बघा. समोर बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि इथे काहीही नाही. मग झारखंडात जादूगुडाच्या युरेनियम खाणीवरून एवढी बोंबाबोंब कशाला?"

उदय रबाळे एमआयडीसीतला केमिकलवाला. तो म्हणाला, "दोन वेगळ्या कारखान्यांची तुलना चाललीय तुझी. ट्रॉम्बेला 1959 पासून युरेनियम धातू बनतो हे खरं, पण तिथे येतं ते आधीच काढलेलं पिवळं कॉन्सन्ट्रेट. ते नायट्रिक आम्लात विरघळवायचं, ट्रायब्युटाइल फॉस्फेटने शुद्ध करायचं, पुढे फ्लोराइड करून मॅग्नेशियमने धातू पाडायचा. खरा उकिरडा त्याच्या आधी, झारखंडात तयार झालेला असतो."

"आधी म्हणजे?"

"दगड फोडतात तिथे. जादूगुडाच्या खनिजात युरेनियम साधारण 0.05 टक्के. म्हणजे एक टन दगडात अर्धा किलो. दगड बॉल मिलमध्ये पिठासारखा दळायचा, सल्फ्युरिक आम्लात मुरवायचा, मँगनीज डायऑक्साइड टाकून युरेनियमचं ऑक्सिडीकरण करायचं म्हणजे ते विरघळतं. मग आयन एक्स्चेंज, शेवटी साका पाडायचा. अर्धा किलोतलं जमेल तेवढं हाती आलं. उरलेलं 999 किलो पीठ कुठे जाणार?"

"परत खाणीत."

"जाडं पीठ जातं, पोकळी भरायला. बारीक चिखल चुन्याने आम्ल मारून पाइपने गाळाच्या तळ्यात, म्हणजे टेलिंग पाँडमध्ये सोडतात. घातक भाग नेमका त्या बारकात असतो."

इथे निखिलने हक्काचा मुद्दा काढला. युरेनियम काढून घेतलं तर चिखलात उरलं काय? मीनलकडे उत्तर तयार होतं. ती पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, आणि हा प्रश्न तिला लोक नेहमी विचारतात असं तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"युरेनियम-238 तुटत तुटत शेवटी शिसं होतं, त्या साखळीत चौदा किरणोत्सारी कड्या असतात. आम्ल त्यातल्या दोनच नेतं, युरेनियमच्या 238 आणि 234. बारा तिथेच राहतात, म्हणजे साधारण 85 टक्के किरणोत्सार चिखलात. त्यातल्या अल्पायुषी दोन कड्या काही महिन्यांत विझतात, मग सत्तरेक टक्क्यांवर येऊन ते थांबतं. आणि थांबतं म्हणजे थांबतंच. थोरियम-230 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 75,000 वर्षं. त्यातून रेडियम-226, 1,600 वर्षांचं. रेडियमपासून रेडॉन वायू, त्याचं अर्धायुष्य पावणेचार-चार दिवस, पण थोरियम आहे तोवर नवा होतच राहणार."

"पण माझा काउंटर..."

"तुझा काउंटर मुख्यतः गामा किरण मोजतो. रेडॉन श्वासातून जातो, त्याची पिल्लं, म्हणजे त्यातून बनणारे पुढचे किरणोत्सारी अणू, फुफ्फुसाला चिकटून अल्फा कण सोडतात. युरेनियमच्या खाणकामगारांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला तो यामुळे, आणि सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो. घरातला रेडॉन मोजायचा तर एलआर-115 ची फिल्म डबीत घालून तीन महिने टांगून ठेवायची, मग कोरून अल्फाचे ओरखडे मोजायचे. पाच मिनिटं यंत्र धरून त्यातलं काही कळत नाही."

"आणि पाणी?"

"पाण्याला तर हे यंत्र आंधळंच. लिटरला 30 मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, आपल्या एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, 60. तीस मायक्रोग्रॅम युरेनियममधून सेकंदाला एकसुद्धा पूर्ण विघटन होत नाही, पाऊणच्या आसपास. त्यातही अल्फा, म्हणजे पाण्यातच अडकणार. ते लॅबमधल्या आयसीपी-एमएस किंवा लेझर फ्लोरिमीटर या यंत्रांचं काम."

भेळवाल्याने मध्येच विचारलं, मग पाण्यातून कॅन्सर होतो का? प्रश्न बरोबर होता. पाण्यातल्या युरेनियमची भीती आधी जड धातूची, किरणांची नंतर. पोटातून एक-दोन टक्केच रक्तात जातं. ते लघवीवाटे बाहेर पडताना मूत्रपिंडाच्या सुरुवातीच्या नलिका खरवडतं. मूत्रपिंडासाठी नेहमी तपासतात ते रक्तातलं क्रिएटिनिन बराच काळ साधं दिसतं. लघवीतलं बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन आधी वाढतं, आणि गावातल्या शिबिरात ते कोणी बघत नाही. पाणी उकळून उपयोग शून्य, उलट आटल्यावर प्रमाण वाढतं. आरओ बहुतेक युरेनियम काढतो, पण काढलेलं रिजेक्टच्या नळीतून मागच्या परसात.

अण्णा तोवर गप्प होते. सिव्हिलची अख्खी हयात बंधाऱ्यांवर गेलेला माणूस, त्यांना रसायनाचा कंटाळा. "तुम्ही सगळे अणूत अडकलात. मला विचाराल तर हा मातीच्या बंधाऱ्याचा आणि पाइपच्या जोडाचा विषय आहे."

आणि मग अण्णा सुटले. 16 जुलै 1979, अमेरिकेत न्यू मेक्सिकोतलं चर्च रॉक. गाळाच्या तळ्याचा बंधारा पहाटे फुटला. सुमारे 1,100 टन गाळ आणि 35 कोटी लिटरच्या आसपास आम्लधर्मी पाणी पुएर्को नदीत. पाया असमान खचत होता, भेगा आधीच दिसल्या होत्या, पातळी ठरल्यापेक्षा वर गेलेली. नदीकाठी नवाहो आदिवासी, त्यांची जनावरं तेच पाणी पिणारी. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीचा अपघात त्याच वर्षी मार्चमध्ये झाला, तो जगाला पाठ आहे. हे कुणाला माहीत नाही, कारण इथे अणुभट्टी नव्हती, नुसता चिखल होता. हे शेवटचं वाक्य अण्णांनी जरा जास्तच चवीने म्हटलं.

"आपल्याकडे 2006 च्या डिसेंबरात जादूगुडाजवळ डुंगरीडीहला चिखल नेणारा पाइप फुटला. चिखल नाल्यात जात राहिला आणि ते आधी गावकऱ्यांच्या लक्षात आलं. मला सांगा, पाइपवर दोन टोकांना प्रवाहमापक हवेत, आत-बाहेर फरक पडला की पंप आपोआप बंद. रबरी अस्तराचा पाइप वाळू-चिखलाने बाकाशी, तळाच्या बाजूने झिजतो. तो फिरवून बसवायचा, जाडी मोजायची. यात अणुशास्त्र कुठे आलं?"

निखिल हटणारा नव्हता, आणि त्याचा पुढचा मुद्दा पोकळ नव्हता. कोळशाच्या राखेतही युरेनियम असतंच. वीज हवीच. जनतेसाठी वर्षाला 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, एईआरबी 1983 पासून आहे, सर्वोच्च न्यायालयाने जादूगुडाची याचिका 2004 मध्ये फेटाळली. "मग रडता कशावर?"

"1 मिलिसिव्हर्ट हा ज्याला सर्वाधिक डोस मिळेल त्या घरासाठी ताडून बघायचा आकडा," मीनल म्हणाली. "जिल्ह्याची सरासरी काढलीस तर कुठलाही कारखाना पास. प्रश्न कुणाचा? पाँडच्या भिंतीवर गुरं चारणाऱ्या पोराचा. खाणीचा टाकाऊ दगड जोत्यात घातलेल्या घराचा. कोलोरॅडोत ग्रँड जंक्शनला युरेनियमचं खनिज दळणाऱ्या गिरणीचा गाळ वाळू म्हणून फुकट वाटला, हजारो घरांखाली गेला, नंतर सरकारला तो खणून काढावा लागला."

आरोग्याच्या पाहणीवर मात्र तीही सावध होती. 'इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट'ने जादूगुडाजवळच्या गावांत पाहणी केली, जन्मजात व्यंग आणि वंध्यत्व दूरच्या गावांपेक्षा जास्त सापडल्याचं मांडलं. सरकारी बाजूने ते मान्य केलं नाही. उदयचं म्हणणं, गावं लहान, जन्म थोडे, दोन-चार केसेसने टक्का हलतो. कुपोषण, मलेरिया, नात्यातली लग्नं वेगळी काढायची कशी? मीनलचं उत्तर असं की म्हणूनच खाण सुरू होण्याआधीपासूनची जन्मनोंद हवी होती, ती ठेवणं गावाचं काम नव्हतं. यावर दोघांचं जमलं नाही आणि जमवायचा प्रयत्नही कुणी केला नाही. माझ्या मते मीनलचं पारडं जड होतं: पुरावा गोळा न केल्याचा फायदा गोळा न करणाऱ्यालाच मिळावा, हे विचित्रच आहे.

"बरं, आम्ल वाईट, तर कडप्याला आम्ल नाहीच," निखिल म्हणाला.

उदय हसला. आंध्रातल्या तुम्मलपल्लीचा दगड चुनखडीच्या जातीचा, आम्ल नुसतं फसफसून वाया जाईल. म्हणून तिथे सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेट, दाबाखाली ऑटोक्लेव्हमध्ये. आम्लाच्या गाळात चुना टाकला की बरेचसे धातू खाली बसतात. कार्बोनेटचा गाळ आधीच अल्कधर्मी, त्यात युरेनियम कार्बोनेटला धरून विरघळलेलंच राहतं आणि झिरपलं तर लांब जातं. शिवाय सोडियम. बोअरचं पाणी बिघडलं, केळीच्या बागा गेल्या अशा तक्रारी आसपासच्या गावांनी केल्या, कंपनीने त्या नाकारल्या. तळाला चिकणमाती किती घातली, अस्तर आहे का, यावर तो सगळा वाद आहे.

आम्लाच्या गाळाची दुखणी उशिरा उगवतात. त्यात पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असेल तर हवा-पाण्याने पुन्हा सल्फ्युरिक आम्ल बनतं, सामू उतरतो, आणि चुन्याने बसवलेलं मँगनीज-युरेनियम परत सुटतं. रेडियमसाठी सांडपाण्यात बेरियम क्लोराइड टाकून ते सल्फेटबरोबर पाडतात. बेरियमची ती मात्रा पावसाळ्यात, पाण्याचा लोंढा वाढल्यावरच चुकते. अमेरिकेत गाळावरचं कवच 1,000 वर्षं, निदान 200 वर्षं टिकेल असं बांधायचा नियम आहे. "75,000 वर्षांच्या मालाला दोनशेची वॉरंटी," इति अण्णा, "तीही आपल्यासारखा पाऊस नसलेल्या मुलखात."

गिरणीच्या पुढच्या टप्प्यांवर फार वेळ गेला नाही. तिथे माणसं मेली ती बहुतेक रसायनाने किंवा घाईने. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या गोर गावात 4 जानेवारी 1986 रोजी युरेनियम हेक्साफ्लोराइडचं प्रमाणाबाहेर भरलेलं सिलिंडर तापवलं, ते फाटलं, वायूने हवेतल्या ओलाव्याशी हायड्रोफ्लोरिक आम्ल केलं, एक कामगार गेला. किरणांचा संबंध नाही. जपानात तोकाइमुराला 30 सप्टेंबर 1999 रोजी 2.4 किलोची मर्यादा असलेल्या टाकीत बादल्यांनी 16 किलोवर समृद्ध युरेनियम (ज्यात फुटणारं युरेनियम-235 वाढवलेलं असतं) ओतलं, साखळी प्रक्रिया सुरू झाली, दोघे गेले आणि 350 मीटरच्या आतली वस्ती हलवली. नैसर्गिक युरेनियमच्या गिरणीत असं होऊ शकत नाही, हे उदयने निखिलला दोनदा बजावलं.

"मग गावाने करायचं काय? जनसुनावणीत जाऊन हे सगळं बोलायचं?"

"2025 च्या सप्टेंबरात केंद्राने अणुखनिजांच्या खाणप्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली," अण्णा म्हणाले. "बोलायला मंडपच नाही."

मीनलने भेळेच्या कागदामागे यादी काढली. कारखाना उभा राहण्याआधी दोन वर्षं, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, वरच्या अंगाच्या दोन आणि खालच्या अंगाच्या चार-पाच विहिरी. वरच्या विहिरी हव्यातच, नाहीतर 'हे मूळ खडकातलंच' याला उत्तर उरत नाही. आपला काळा पत्थर युरेनियमला गरीब, पण ग्रॅनाइटच्या मुलखात ते पाण्यात नैसर्गिकच सापडतं. बोअर दहा मिनिटं चालवून मग लिटरची प्लास्टिकची बाटली भरायची, 0.45 मायक्रॉनने गाळून नायट्रिक आम्लाने सामू दोनखाली. दुसरी बाटली आम्लाशिवाय. पहिलीत युरेनियम, रेडियम, मँगनीज, सोडियम. दुसरीत सामू, बायकार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट. सल्फेट आणि सोडियम आधी वाढतात, कारण ते मातीला चिकटत नाहीत. युरेनियम मागून येतं.

"आणि बाटलीवर सही कुणाची?" निखिलने विचारलं.

"ग्रामसेवकाची, तलाठ्याची, आणि कंपनीच्या माणसाची," अण्णा म्हणाले. "तिघांची, त्याच दिवशी, विहिरीवर उभं राहून. कंपनीवाला आला नाही तर तो आला नाही असं लिहून दोघांची."

उदयचं म्हणणं पडलं की रेडियमची तपासणी महाग, ती वर्षातून एकदाच पुरे. मीनलला ते मान्य नव्हतं.