एका पोत्यात एकराचा मका येत नाही

पेरणी तोंडावर आली की आमच्या सिल्लोड-कन्नडच्या पट्ट्यात बियाण्याच्या पिशव्यांआधी मेसेज पोचतात. यंदाचा मेसेज असा: "ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांचं खत, एकरी फक्त एक पोतं. डब्यातून काढा, थेट सरीत टाका. युरिया-डीएपी कायमचं बंद. लष्करी अळी फिरकणार नाही. आफ्रिकेत सिद्ध." शेजारच्या काकांनी तो वाचून यंदा युरिया आणायचाच नाही असं ठरवलं, म्हणून हे लिहायला बसलो. हे खत म्हणजे डब्यात ओला कचरा खाऊन या अळ्यांनी मागे टाकलेली विष्ठा, काती आणि उरलेला चोथा. खत चांगलं आहे, मी स्वतः वापरतो. पण मेसेजच्या भरवशावर राहिलात तर मका गुडघ्याएवढा असतानाच पिवळा पडेल.

आधी त्या एका पोत्याचा हिशेब. मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र धरलं तर एकरी 48 किलो लागतं. या खतात नत्र साधारण 3 टक्के. अळ्यांना काय खाऊ घातलं त्यावर कमीजास्त होतं. म्हणजे 50 किलोच्या पोत्यात दीड किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो असतं. नुसत्या अळीखतावर भागवायचं तर 32 पोती लागतील, आणि तेही सगळं नत्र त्याच हंगामात पिकाला मिळालं असं धरून. तसं ते मिळत नाही, कुजत कुजत सुटतं. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतं, त्या मानाने हे खत कितीतरी सरस आहे. 32 पोत्यांचा दर मात्र ज्याचा त्याने काढून बघावा.

"आफ्रिकेत सिद्ध" हे अर्धंच सांगितलं आहे. केनियात इसिपे या कीटक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मक्यावर शेतात प्रयोग केले, 2020 मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि उत्पादन खरंच चांगलं आलं. पण तिथे एका प्रयोगात मात्रा होत्या हेक्टरी 2.5, 5 आणि 7.5 टन. त्यातली सगळ्यात कमी मात्राही एकरी 1000 किलो, म्हणजे 20 पोती. मेसेजवाल्याने निकाल तेवढा उचलला आणि मात्रा गाळली. राग येतो तो याचा, कारण उसनवारी करून पेरणारा माणूस ती मात्रा शोधत बसणार नाही.

लष्करी अळीबद्दल तर दोन्हीकडून गोंधळ आहे. गावात काही जण उलट घाबरतात, की अळीचं खत म्हणजे लष्करी अळीच घरी आणणं. सोल्जरला मराठीत सैनिक म्हणतात, म्हणून ही गफलत. ब्लॅक सोल्जरची अळी कुजलेलं खाते, हिरव्या पिकाला तोंड लावत नाही. तेव्हा ती भीती नको. पण संरक्षणाची आशाही नको. खतातल्या कातींमध्ये काइटिन, म्हणजे किड्यांच्या कवचातला घटक असतो, मातीतल्या सूक्ष्मजीवांना ते उपयोगी पडतं, हे खरं. लष्करी अळीचा पतंग मात्र अंडी पानावर घालतो आणि अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत बसून खाते. सरीतलं खत तिथे काय करणार? मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे आणि दर आठवड्याला पोंगे उघडून बघणं सुटत नाही. पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली, अळीच्या डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके दिसले, की तीच.

"थेट सरीत" हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. गेल्या वर्षी दोन ट्रेमध्ये मक्याचे दहा-दहा दाणे लावले. एकात मातीत मुरलेलं खत मिसळलं, दुसऱ्यात ताजं. मुरलेलं चहाच्या चोथ्यासारखं, मुठीत दाबलं की भुरभुर सुटणारं. ताजं हाताला चिकटायचं आणि झाकण काढताच अमोनियाने डोळे चुरचुरायचे. पहिल्या ट्रेमध्ये नऊ उगवले, दुसऱ्यात तीन, तेही टोकाशी करपलेले. चांगलं मुरू द्या, वास गेला की वापरा, आणि बियाण्याला भिडवू नका. आपल्या चुनखडीच्या जमिनीवर नुसतं पसरून ठेवलं तर नत्र हवेत उडतं, म्हणून लगेच मातीआड करा.

काकांनी शेवटी चार पोती घेतली. ती विहिरीकडच्या दहा ओळींना पडतील, युरियाच्या गोण्या दरवर्षीप्रमाणेच येतील, आणि त्या दहा ओळींची कणसं वेगळी तोलायची असं आमचं ठरलं आहे.