शेंदूर लावलेला क्राउन

आमची जीप गल्लीच्या कोपऱ्यावर आली की घरात कळायचं. मागचा एक्सल चाळीसच्या वर गेला की पीठगिरणीसारखा ऊंऽऽऽ करायचा, हळू केली तरी कण्हायचा, आणि ते ऐकून बायको चहाचं आधण ठेवायची. पण मला सुख टोचतं ना, नवी क्राउन-पिनियनची जोडी आणली; क्राउन म्हणजे एक्सलच्या पोटातलं मोठं दातेरी चाक आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं छोटं. म्हटलं दोन रविवारांचं काम.

सहा रविवार गेले राव.

भानगड अशी की पिनियन क्राउनकडे किती आत बसणार हे शिमवर ठरतं. शिम म्हणजे पत्र्याची पातळ रिंग, तीन थाऊ, पाच थाऊ, दहा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, डोक्याचा केस दोन-तीन थाऊचा. आमचा सुतार सुतात मापतो, एक सूत म्हणजे सव्वाशे थाऊ, आणि तरी आमचं दार लागत नाही.

जुन्या पिनियनच्या डोक्यावर ० कोरलेलं, नव्यावर +३. अधिक म्हणजे वाढवा, चौथीतलं पोरगंही सांगेल, शिममध्ये वाढवले तीन थाऊ. सगळं ठोकून आवळून झालं, दातांना ऑइलमध्ये कालवलेला शेंदूर फासला आणि फिरवून बघितलं तर छाप दाताच्या पार बुडाशी! पिनियन जास्त आत गेलेला. मिस्त्रींना फोन केला, ते पलीकडे हसतायत. "दादा, अधिक असलं की काढायचं असतंय." म्हणजे सहा थाऊची चूक. दोन-तीन केस.

बरं, नुसतं काढून भागत नाही. शिम बसते आतल्या बेरिंगच्या कपामागे, म्हणजे बाहेरच्या कड्यामागे, तो कप ठोकून बाहेर काढा, सहा थाऊ कमी करा, मग पिनियनच्या दांड्यावर शिमांचा दुसरा गठ्ठा असतो त्यातूनही सहा काढा नाहीतर बेरिंग ढिली, आणि पिनियन मागे सरकला म्हणून दातांमधला प्ले, म्हणजे मोकळीक, वाढला, तो पाच ते नऊ थाऊत पाहिजे, मग क्राउन सरकवा, त्याच्या शिमा एका बाजूच्या दुसरीकडे, त्यासाठी पुलर लावून त्याची बेरिंग उपसा. एका सुनेची समजूत काढली की दुसरी रुसलेली.

चौथ्यांदा कप ठोकल्यावर मिस्त्री म्हणाले, "जुना कप बाहेरनं घासून घ्यायचा की, हातानं बसतोय-निघतोय. माप जमलं की नवा ठोकायचा."

"हे आधी सांगायचं ना!"

"तुम्ही इचारलं कुठं?"

सहाव्या रविवारी क्राउन पडवीत पाटावर ठेवून जेवायला गेलो, येऊन बघतो तर शेंदरावर जास्वंदीचं फूल. आई! काही बोललो नाही, फूल अलगद उचललं, क्राउन चढवला, फिरवला. छाप दाताच्या बरोब्बर मधोमध. प्ले सात थाऊ.

नव्वद नंबरचं ऑइल ओतलं (वास हाताला अजून आहे, नासक्या अंड्यांचा) आणि जीप हायवेला काढली. चाळीस. पन्नास. साठ. ॲक्सिलरेटर सोडून पाहिला. चूप.

छाती फुगवून घरी आलो, बेल वाजवली. बायकोने दार उघडलं, मागे गॅसवर काहीच नाही.

"चालत आलास? बंद पडली का वाटेत?"