बहात्तरावं स्तोत्र, आठव्या वचनाच्या पुढे

गावाकडच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जानेवारीत, येशूच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या (एपिफनी) आसपास, एकच वाद पेटतो. बायबलातल्या स्तोत्र 72 मधला नीतिमान राजा कोण, इस्राएलचा जुना राजा शलमोन की ख्रिस्त? काका मंडळी म्हणतात, शबा आणि सबाचे राजे नजराणे आणतात, म्हणजे हे बाळ येशूला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे मागी लोकच, विषय संपला. सेमिनरीत शिकून आलेली पोरं म्हणतात, शीर्षकात शलमोनाचं नाव आहे, ही राजासाठी केलेली प्रार्थना आहे, ओढाताण कशाला?

वाद आजचा नव्हे. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानं ट्रायफो या यहुद्याला सुनावलं होतं की शलमोनाची सत्ता पृथ्वीच्या टोकांपर्यंत कधी पोचलीच नाही, वर तो मूर्तींपुढे झुकला. तेव्हा हा राजा ख्रिस्तच. सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या धर्मसुधारकानं शलमोनाला घराबाहेर काढलं नाही, त्याच्या राज्यात ख्रिस्ताच्या राज्याची छाया पाहिली. मला कॅल्विन पटतो. (नव्या करारात हे स्तोत्र येशूविषयीचं भाकीत म्हणून थेट कुठेच उद्धृत केलेलं नाही, हे काकांना सांगायची माझी छाती नाही.)

पण मी राहतो कॅनडात, आणि इथे हे स्तोत्र राजमुद्रेवर आहे. 1921 पासून देशाचं ब्रीद आहे ‘समुद्रापासून समुद्रापर्यंत’, म्हणजे राजाच्या सत्तेविषयीचं आठवं वचन. ओटावाला संसदेच्या पीस टॉवरवर ते दगडात कोरलंय, सोबत पहिलंही: देवा, राजाला तुझा न्याय दे. ख्रिस्ताची सत्ता म्हणता म्हणता ती आपलीच, असं इथे वसायला आलेल्यांनी कधी ठरवलं कोण जाणे. घरच्यांपासून तोडून ठेवणाऱ्या इथल्या निवासी शाळांत मूलनिवासींची दीड लाखांहून जास्त मुलं घातली गेली, आणि त्यांतल्या बहुतेक शाळा चर्चच चालवत होती.

बारावं वचन ‘कारण’नं सुरू होतं. राजे त्याला नमतात, कारण तो धावा करणाऱ्या दरिद्र्याला सोडवतो. चौदाव्यात गरिबांचं रक्त त्याला मोलाचं वाटतं. टॉवरवर ही वचनं नाहीत. शलमोनही इथेच नापास होतो: तो मेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे गेले ते बापानं लादलेलं जू हलकं कर म्हणत.

काका, राजा ख्रिस्त आहे हे मला मान्यच आहे. मग मंडळीच्या आवारातल्या विधवांना खोल्या रिकाम्या करण्याच्या नोटिसा कुणाच्या नावानं गेल्यात, तेवढं ग्रुपवर कळवा.