तो आवाज ताऱ्यांच्या जन्माचा नाही

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपपासून पार गडहिंग्लजपर्यंत एक ऑडिओ फिरतोय: 'खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने एम८२ दीर्घिकेतल्या दाट वायूत तारे जन्मतानाचा आवाज टिपला.'

रेडिओ दुर्बीण आवाज टिपत नाही, रेडिओ लहरींची तीव्रता मोजते. एम८२ सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं दूर. मधल्या जवळजवळ रिकाम्या अवकाशातून तिथला आवाज इथवर पोचणं शक्यच नाही. मोजलेल्या आकड्यांना कुणी नंतर सूर लावू शकतं, पण ते ध्वनिमुद्रण नव्हे.

दुसरी चूक जास्त रंजक आहे. तारे ज्यात जन्मतात तो दाट वायू मुख्यतः हायड्रोजनचा, पण इतका थंड, की त्याचे रेणू जवळपास काहीच प्रकाश सोडत नाहीत. म्हणून त्यात किंचित मिसळलेल्या हायड्रोजन सायनाइडचा (होय, तेच विष!) माग काढतात. त्याची नेहमीची खूण ८८.६ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओ लहरींत सापडते. जीएमआरटी चालते साधारण १.५ गिगाहर्ट्झच्या खाली. म्हणजे हे काम तिचं नाहीच. ते चिलीतली अल्मा किंवा स्पेनमधली आयराम या संस्थेची ३० मीटरची दुर्बीण करते. गाओ आणि सॉलोमन या खगोलशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ६५ दीर्घिकांच्या अशाच निरीक्षणांतून दाखवलं, की दाट वायू जितका जास्त, तितका ताऱ्यांच्या जन्माचा वेग जास्त.

ती क्लिप कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवली असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.