"मामा, फक्त ग्रामर बघ"

भाचीचा मेसेज आला. "मामा, एसओपी पाठवलाय. फक्त ग्रामर बघ, बाकी सगळं झालंय."

एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, पुढे काय शिकायचंय आणि का, ते सांगणारं विद्यापीठाच्या अर्जासोबतचं निवेदन. अर्जांचे दिवस आले की ओळखीपाळखीतल्या मुलांच्या अशा फायली माझ्याकडे येतात. सगळ्यांना ग्रामरच बघून हवं असतं. आणि अजून तरी एकाही एसओपीचं दुखणं ग्रामरचं निघालेलं नाही.

पहिलं वाक्य होतं, लहानपणापासूनच मला तंत्रज्ञानाचं विलक्षण आकर्षण होतं. मी फोन उलटा ठेवला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकास नावाच्या एकाच संस्थेमार्फत जातात. २००७ साली तिथे सुमारे ५०,००० अर्जांमधली निवेदनं संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिली. त्यात तब्बल २३४ जणांनी आठव्या वाढदिवसाला केमिस्ट्री सेटशी खेळताना आपला पायजमा जाळून भोक पाडलेलं निघालं! विज्ञानाची ओढ त्यातूनच लागली म्हणे. एकाच नमुन्यावरून सगळ्यांनी उतरवलेलं, दुसरं काय. आता एआयला सांगितलं की पायजमे वेगवेगळे येतात, एवढाच फरक. वास तोच.

तर भाचीचा एसओपी. अकराशे शब्द. बालपण, मग शाळेतली बक्षिसं, मग कॉलेजचे मार्क (जे मार्कशीटवर आहेतच), आणि चौथ्या परिच्छेदात एक ओळ: मातीतला ओलावा मोजणारी यंत्रणा तयार केली व तिचे उत्साहवर्धक परिणाम मिळाले. पुढच्या ओळीत लगेच नेतृत्वगुण.

मी फोन लावला. "उत्साहवर्धक म्हणजे काय गं?"

जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "खरं सांगू? दुपारी रीडिंग भरकटायचं. माती तीच, पाणी तेवढंच, तरी आकडा वेगळा. दोन आठवडे मी कोडमध्ये चूक शोधत बसले. एकदा सहज सेन्सरवर पुठ्ठ्याची सावली धरली, तर आकडा हळूहळू जागेवर आला. उन्हाने सेन्सर तापत होता. मग शेजारी तापमानाचा सेन्सर लावून दुरुस्तीचं गणित घातलं. सकाळी बरोबर यायचं, भर दुपारी तरीही थोडं चुकायचंच. ते शेवटपर्यंत नाही सुटलं."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"फसला ना तो भाग!"

आमची मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत, पण फसलेलं लपवायचं हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की त्यांची सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे हे त्यांना दिसतच नाही. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकापुढे मार्क असतात, शिफारसपत्रं असतात, सीव्ही असतो. त्यातून कळत नाही ते एवढंच की गाडी अडल्यावर ही व्यक्ती काय करते. संशोधनाचा कोर्स असेल तर पुढची चार-पाच वर्षं बहुतेक अडलेलंच असणार आहे. पुठ्ठ्याची सावली धरून बघणारी मुलगी त्याला हवी असते, आणि आपण त्याला नेतृत्वगुण पाठवतो.

शिवाय 'भर दुपारी अजून का चुकतं' हा तिचा न सुटलेला प्रश्नच तिला पुढे शिकायला जायचं खरं कारण आहे. एसओपीतला पर्पज म्हणतात तो हाच की!

बालपण, घरची परिस्थिती, संघर्ष यांना जागाच नाही असं मी म्हणत नाही. काही विद्यापीठं त्यासाठी वेगळा निबंध मागतात. बर्कलेला पदव्युत्तर अर्जात स्टेटमेंट ऑफ पर्पज वेगळं आणि पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट वेगळं असतं. दोन्हीकडे तेच पाठवणारे महाभाग आहेत. यूकासने तर २०२६ च्या प्रवेशापासून एकसलग निबंधच बंद केला. आता तीन प्रश्न: हा विषय का, शिक्षणातून काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून मर्यादा ४,००० अक्षरांची, तीही मोकळ्या जागा धरून. मला हा बदल आवडला. थेट विचारलं की पायजम्याला वाव कमी.

'तुमचंच विद्यापीठ का' हा परिच्छेद मात्र सगळ्यांचा सारखाच रद्दड असतो. जागतिक दर्जाचे प्राध्यापक, अत्याधुनिक प्रयोगशाळा, वैविध्यपूर्ण वातावरण. नाव बदलून दुसऱ्या विद्यापीठाचं घाला, परिच्छेद तसाच उभा राहिला तर तो खोडा. वेबसाइटवरून तीन प्राध्यापकांची नावं उचलून चिकटवणं म्हणजेही उत्तर नव्हे. त्यातले एक निवृत्त झालेले असतात. एकाचंच काम वाचा, आणि त्यातलं काय आपल्या प्रश्नाला येऊन भिडतं ते दोन ओळींत लिहा.

हे मी शहाणपणाने बोलतोय असं नाही. माझ्या स्वतःच्या एसओपीत, फार वर्षांपूर्वी, शेवटच्या ओळीत चक्क दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहिलं होतं. 'तिथे शिकणं हे माझं स्वप्न आहे' या वाक्यात. नकार आला. त्याच कारणाने आला का, देव जाणे, पण मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसून फाईल बाजूला ठेवली असती.

भाचीने चार दिवसांनी नवा मसुदा पाठवला. पहिल्याच ओळीत दुपार, सेन्सर आणि पुठ्ठा. ७८० शब्द. ताई जरा नाराज आहे, पदकाचा उल्लेखच नाही म्हणून. "अगं, सीव्हीत आहे," असं मी दोनदा सांगितलं. पटलेलं दिसत नाही.

काल रात्री एक वाजता पुन्हा मेसेज. "मामा, सहा फायली एकेक करून तपासल्या. चौथ्यात दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव होतं. 😬"